एरर मेसेज काहीच सांगत नाही? तरी या चुका टाळा

‘काहीतरी चूक झाली. कृपया तुमच्या सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा.’ हा मेसेज सपोर्टच्या माणसाच्या डोक्यात जातो, कारण तो अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणजे आपणच असतो आणि आपल्या हाती लागेल असं त्या मेसेजात काहीही नसतं. काय करताना बिघडलं, कोणती फाइल सापडली नाही, कोणत्या सर्व्हरने दाद दिली नाही, काही नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्याला यातलं बरंच ठाऊक असतं. दोन ओळी लिहायचा त्याने कंटाळा केला, आणि त्याचं मोल इकडे काउंटरसमोर रांगेत ताटकळणारी माणसं मोजतात. मला याचा अजूनही राग येतो, आणि तो यायलाच हवा.

पण नव्या मुलांबरोबर काम करताना दुसरी एक गोष्ट सतत दिसते. मेसेज जेवढा वाईट असतो, त्याहून जास्त वेळ आपल्या सवयी खातात. त्याच त्या चुका, दर महिन्याला, नव्या माणसाकडून.

‘ओके’ दाबून मोकळं होणं

फोन येतो, ‘सर, एरर येतोय.’ काय लिहिलंय विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘ते गेलं, मी ओके केलं.’ वापरणाऱ्याने असं केलं तर समजू शकतं, त्याला त्याचं काम उरकायचं असतं. सपोर्टला बसलेला मुलगाच हे करतो तेव्हा मात्र मी त्याला तिथेच थांबवतो.

विंडोजच्या साध्या मेसेज बॉक्सवर कंट्रोल आणि सी दाबलं की शीर्षकासकट सगळा मजकूर कॉपी होतो, नोटपॅडमध्ये पेस्ट करता येतो. मजकूर सिलेक्ट होत नाही म्हणून कॉपी होत नाही, असं बहुतेकांना वाटतं. मोबाइलने फोटो काढणार असाल तर अख्ख्या स्क्रीनचा काढा. वरच्या पट्टीवरून कळतं की बॉक्स नक्की कोणत्या प्रोग्रामचा आहे. ‘टॅली बंद पडतंय’ अशी तक्रार असते आणि बॉक्स निघतो अँटिव्हायरसचा, असं पुष्कळदा होतं. फोनवर असाल तर, ‘मॅडम, अर्थ लागला नाही तरी चालेल, दिसतंय तसं एकेक अक्षर वाचा,’ असं सांगा आणि लिहून घ्या. ‘नॉट फाउंड’ आणि ‘नॉट ॲक्सेसिबल’ यांत दिवसभराच्या कामाचा फरक असतो. ‘काहीतरी नॉट नॉट म्हणतंय’ यावरून कोणतंही निदान होत नाही.

पडद्यावरचा मेसेज म्हणजेच निदान समजणं

ही चूक सगळ्यांत महागात जाते, म्हणून जरा सविस्तर.

सांगली जिल्ह्यातल्या एका औषधांच्या होलसेलरकडे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बिलं सेव्ह व्हायची थांबली. मेसेज एवढाच, ‘अनएबल टू सेव्ह रेकॉर्ड.’ जुनी बिलं उघडत होती, रिपोर्ट निघत होते. नवं बिल एखादं सेव्ह व्हायचं, बाकीची नाही. आमच्याकडचा एक मुलगा गेला. त्याने आधी पीसी रिस्टार्ट केला, मग नेटवर्कची केबल बदलली, मग सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं आणि संध्याकाळी काउंटरवरचा पीसी फॉरमॅटला घेतला. शेजारच्या काउंटरवरही हेच होतंय, हे मालकांनी त्याला पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. दोन पीसींवर तोच मेसेज येत असेल तर दोष पीसीत शोधायचा नसतो. घाईत त्याने तेवढा विचार केला नाही आणि त्या पीसीवरच्या प्रिंटरच्या सेटिंगपासून सगळं नव्याने बसवायची वेळ आली.

मी सर्व्हरवर जाऊन इव्हेंट व्ह्यूअर उघडला, म्हणजे विंडोज घडामोडींच्या ज्या नोंदी (लॉग) ठेवतं त्या दाखवणारा प्रोग्राम. विंडोज लॉग्ज, त्यात अ‍ॅप्लिकेशन. लाल खुणांची रांग लागली होती. बिलांचा डेटाबेस सांभाळणाऱ्या एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअरचा एरर ११०५, ‘प्रायमरी’ फाइलग्रुप, म्हणजे डेटाच्या फाइलींचा गट, भरला, जागा देता येत नाही. हे वाचून मुलाने लगेच ड्राइव्ह बघितला. निम्म्याहून जास्त रिकामा. म्हणाला, ‘सर, हाही खोटाच मेसेज.’ तो खोटा नव्हता, अपुरा होता. त्याला लागूनच १८२७ नंबरचा एरर पडला होता आणि त्यात स्वच्छ लिहिलं होतं की डेटाबेस परवान्यातल्या १०२४० एमबीच्या मर्यादेबाहेर जातोय.

एसक्यूएल सर्व्हरची एक्स्प्रेस आवृत्ती फुकट मिळते, म्हणून छोटी बिलिंगची सॉफ्टवेअरं बरेचदा तीच टाकून देतात. २००८ पर्यंत तिच्यात एका डेटाबेसला ४ जीबीची मर्यादा होती. २००८ आर२ पासून २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत ती १० जीबी आहे. डिस्क कितीही मोठी घेतली तरी डेटाची फाइल त्यापुढे वाढत नाही. फाइलमध्ये इकडेतिकडे थोडी जागा उरलेली असते तोवर एखादं बिल बसतं, म्हणून ‘कधी होतं, कधी नाही’ अशी तक्रार येते. इथे सॉफ्टवेअरने प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं एक टेबल वर्षानुवर्षं वाढू दिलं होतं. आधी बॅकअप काढला, मग सॉफ्टवेअरवाल्यांना फोनवर घेऊन त्या टेबलातल्या जुन्या नोंदी वेगळ्या डेटाबेसमध्ये हलवल्या. मर्यादा प्रत्येक डेटाबेसला वेगळी लागते, त्यामुळे हे चालतं. बिलं सुरू झाली.

म्हणजे डेटाबेसने कारण नंबरासकट सांगितलं होतं. बिलिंगच्या प्रोग्रामने ते ऐकलं आणि वापरणाऱ्याला मात्र ‘सेव्ह होत नाही’ एवढंच कळवलं. प्रोग्राम कुठे अडला ते पडद्यावर दिसतं. का अडला ते शोधायला खाली उतरावं लागतं.

माझी सवय अशी. एरर आला की घड्याळात बघून वेळ लिहायची, मिनिटासकट. मग लॉगमध्ये तेवढ्याच वेळेच्या नोंदी काढायच्या आणि त्या झुंबडीतला पहिला एरर आधी वाचायचा. पुढचे बहुतेक त्याच्या पोटातून निघालेले असतात. एसक्यूएल असेल तर त्याच्या लॉग फोल्डरमधली ‘एररलॉग’ नावाची फाइल नोटपॅडमध्येही उघडते. आणि लॉग वाचल्याशिवाय फॉरमॅट करायचा नाही. फॉरमॅटने दोष जातो की नाही ते नंतर कळतं, पुरावा मात्र नक्की जातो.

कोड दिसला की पहिला व्हिडिओ लावणं

‘०एक्स८००७०००५’ असला आकडा बघून घाबरायचं कारण नाही. ८००७ ने सुरू होणाऱ्या कोडमध्ये शेवटचे चार अंक म्हणजे विंडोजचा साधा एरर नंबर, फक्त हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या मोजणीत लिहिलेला. ०००५ म्हणजे ५, परवानगी नाही. ०००२ म्हणजे फाइल सापडली नाही. ००३५ चे दशमानात ५३ होतात, म्हणजे नेटवर्कवरचा मार्ग सापडला नाही. कॅल्क्युलेटर प्रोग्रामर मोडवर टाकून आकडा दशमानात बदला, मग कमांड प्रॉम्प्टवर रोमन अक्षरांत ‘नेट हेल्पएमएसजी ५३’ टाइप करा, विंडोज स्वतःच अर्थ सांगतं. एवढं शिकायला एक दुपार पुरते. तरी मुलं ते सोडून कुठल्या तरी व्हिडिओतल्या रजिस्ट्रीच्या (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या) ओळी ग्राहकाच्या सर्व्हरवर चिकटवतात, हे मला पटत नाही.

सप्टेंबर २०२१ च्या विंडोज अपडेटनंतर शेअर केलेले प्रिंटर धडाधड बंद पडले, एरर ०एक्स०००००११बी. मेसेजात कारणाचा पत्ता नाही. लगेच सगळीकडे एकच उपाय फिरला, रजिस्ट्रीत एक किंमत शून्य करा. त्याने प्रिंट निघते हे खरं. पण सुरक्षेची जी फट बंद करायला मायक्रोसॉफ्टने तो बदल आणला, तीच आपण हाताने उघडून ठेवतो, आणि नंतर ती कुणाच्या लक्षातही राहत नाही. मी आधी दोन्हीकडची अपडेट पूर्ण करतो, ड्रायव्हर नवा टाकतो. प्रिंटरला स्वतःचं नेटवर्क पोर्ट असेल तर शेअरिंगच काढतो आणि प्रत्येक पीसीला आयपीवरून सरळ जोडून देतो. वेळ जास्त जातो, पण पुढच्या अपडेटला फोन येत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

प्रिंटरवर ‘लोड लेटर’ आलं की मुलं ट्रे उघडतात, रोलर पुसतात, ड्रायव्हर बदलतात. कागद भरलेलाच असतो. फाइलचं पान अमेरिकेत चालणाऱ्या लेटर मापाचं, २१६ बाय २७९ मिलिमीटर, आणि ट्रेमध्ये ए४. पेज सेटअपमध्ये माप बदला, काम झालं.

बँकेची साइट उघडत नाही, सर्टिफिकेटचा (साइट खरी असल्याच्या दाखल्याचा) एरर येतो, तर ब्राउझरला हात लावण्याआधी खाली उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल उतरला की पीसी सुरू होताना जुन्या वर्षात जातो आणि त्याला सगळी सर्टिफिकेटं चुकीची वाटतात. डोमेनवर, म्हणजे ऑफिसातल्या पीसींचं लॉगिन एका सर्व्हरवरून होतं तिथे, तर घड्याळ पाच मिनिटांपेक्षा जास्त पुढेमागे झालं तरी लॉगिन अडू शकतं.

अमुक डीएलएल (प्रोग्रामला लागणारी सहायक फाइल) सापडत नाही म्हणून ती एकटी फाइल भलत्या साइटवरून उतरवू नका. व्हीसीरनटाइम१४० असेल तर मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल टाका.

प्रोग्रामला डेटाबेसशी जोडणाऱ्या ओडीबीसीत ‘आर्किटेक्चर मिसमॅच’ आला तर ३२ बिट आणि ६४ बिटची गल्लत आहे. विंडोजने इथे नावं उलटी ठेवली आहेत. सिस्टिम३२ फोल्डरमधला ओडीबीसी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर ६४ बिटचा आहे आणि सिसवॉव६४ मधला ३२ बिटचा.

फोल्डरमध्ये फोल्डर करत गेलेल्या ऑफिसात फाइल दिसते पण उघडत नाही, तेव्हा पूर्ण मार्गाची अक्षरं मोजा. बरेच प्रोग्राम अजून २६० च्या पुढे जात नाहीत.

‘इश्यू रिझॉल्व्ह्ड’ लिहून तिकीट बंद करणं

तिकिटात, म्हणजे तक्रारीच्या नोंदीत, हे दोन शब्द लिहिणाऱ्या मुलाला मी तिकीट परत उघडायला लावतो. मेसेजचा मजकूर आहे तसा, लॉगमधला नंबर, सापडलेलं कारण आणि केलेला उपाय, एवढं लिहायचंच. ‘बिल सेव्ह होत नाही, एसक्यूएल १८२७, डेटाबेस १० जीबी, जुन्या नोंदी हलवल्या’ अशी एक ओळ असली की पुढच्या वेळी सुटीवर असलेल्या माणसाला फोन लावावा लागत नाही.

आणि तीच ओळ सॉफ्टवेअर बनवणाऱ्यालाही मेल करा. हा मेसेज बदलून त्यात खरं कारण दाखवा, असं स्पष्ट लिहा. बहुतेक उत्तर देत नाहीत. तरी पाठवा, मेल जपून ठेवा आणि वार्षिक मेंटेनन्सचं नूतनीकरण येईल तेव्हा चेकवर सही व्हायच्या आधी ते मेल मालकांच्या टेबलावर ठेवा.