गोचीडतापातल्या घोड्याचे जस्त, तांबे, लोह: नमुना घेण्यापासून अहवाल वाचण्यापर्यंत

गोचिडांमधून पसरणाऱ्या थायलेरिया इक्वी किंवा बबेसिया कॅबली या रक्तपरजीवींची बाधा (गोचीडताप) झाली की घोड्याला ताप येतो, हिरड्या पांढुरक्या-पिवळट पडतात, कधी लघवी तांबडी होते. मग ‘रक्त वाढायला’ म्हणून लोहाचे टॉनिक सुरू होते. तसे करू नका. इथे रक्त वाहून गेलेले नसते, तांबड्या पेशी फुटलेल्या असतात आणि त्यांतले बरेचसे लोह शरीरातच राहते. लोहाच्या इंजेक्शनने घोडे दगावलेही आहेत. आधी मोजा, मग ठरवा.

नमुना पशुवैद्यकाने उपचाराआधी, शक्यतो सकाळी खुराकापूर्वी घ्यावा. मानेवर झिंक (म्हणजे जस्त) ऑक्साइडचे मलम लावले असेल तर ती जागा धुऊन काढा. स्पिरिट पूर्ण वाळू द्या, नाहीतर पेशी फुटतात. हातमोजे पावडर नसलेले हवेत. आधी सूक्ष्म खनिजांसाठीची गडद निळ्या बुचाची, काहीही न मिसळलेली नळी भरा आणि ईडीटीएची (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाची) जांभळी नळी शेवटी. ईडीटीए धातूंना बांधून ठेवतो, त्यामुळे त्या रक्तावर जस्त-तांब्याची तपासणी करू नये. ते रक्तपेशींची मोजणी, स्लाइड (काचपट्टीवर पसरलेल्या रक्तात परजीवी बघणे) आणि पीसीआर (परजीवीचा डीएनए शोधणारी तपासणी) यांसाठी. साध्या नळीच्या लाल बुचाच्या रबरातून जस्त उतरते आणि अहवालात आकडा फुगतो.

रक्त गोठायला अर्धा ते एक तास द्या. सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात वेगाने फिरवून) दोन तासांच्या आत सीरम, म्हणजे गुठळीवरचा पिवळसर द्रव, प्लॅस्टिकच्या पिपेटने वेगळे काढा आणि लगेच पाठवता येत नसेल तर उणे २० अंशांवर ठेवा.

सीरम गुलाबी किंवा लाल दिसले तर थांबा. तांबड्या पेशींत जस्त आणि लोह सीरमच्या कितीतरी पट असते, म्हणून पेशी फुटल्या की दोन्ही आकडे खोटे चढतात. सुई बदलून, सावकाश ओढून दुसरा नमुना घ्या. तोही लाल आला आणि लघवीही तांबडी असेल, तर पेशी घोड्याच्या शिरांतच फुटत आहेत. अशा वेळी जस्त-लोहाच्या आकड्यावरून काहीही ठरवू नये.

आता अहवाल. आधी एकक बघा: ०.६ पीपीएम (दशलक्षात ०.६ भाग) म्हणजेच ६० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. तीव्र आजारात जस्त उतरते, कारण ते रक्तातून यकृतात ओढले जाते. तांबे चढते, कारण यकृत तांबे वाहणारे सेरुलोप्लाझ्मिन जास्त बनवते. लोह मात्र दोन्हीकडून ओढले जाते: दाहामुळे ते घटते, फुटलेल्या पेशींमुळे वाढते. म्हणून एकट्या लोहाच्या आकड्याला फारसा अर्थ नाही. सेलेनियम पूर्ण रक्तात मोजले असेल तर हिमॅटोक्रिट (रक्तातले तांबड्या पेशींचे प्रमाण) शेजारी ठेवून वाचा. पेशी घटल्या की तेही घटलेले दिसते.

थोडक्यात, उतरलेले जस्त म्हणजे खुराकात जस्त कमी आहे असे नव्हे. सोबत फायब्रिनोजेन किंवा सीरम अमायलॉइड ए या दाहात वाढणाऱ्या प्रथिनांची तपासणी करून घ्या. ते वाढलेले असेल तर हा बदल आजाराचा असण्याची शक्यता जास्त. ताप उतरल्यावर चार ते सहा आठवड्यांनी, त्याच प्रयोगशाळेत, दिवसाच्या त्याच वेळी पुन्हा तपासा. तांबे सावरायला उशीर लागतो, त्याने घाबरू नका. तेव्हाही जस्त कमी निघाले तर खुराक तपासा. नुसत्या कोंडा-हरभऱ्यावरच्या घोड्यात ते खरेच कमी असू शकते.

विश्रांतीतल्या ५०० किलोच्या घोड्याला रोज साधारण ४०० मिलिग्रॅम जस्त, १०० मिलिग्रॅम तांबे आणि १ मिलिग्रॅम सेलेनियम लागते. गवत आणि खुराकातून किती जाते ते आधी मोजा, कमी पडते तेवढेच द्या. सेलेनियम अंदाजाने कधीही देऊ नका. जास्त झाले तर आयाळ-शेपटीचे केस गळतात, खुर फाटतात.

मूळ उपचार परजीवीवरचाच. त्यासाठीच्या इमिडोकार्ब या औषधाची मात्रा पशुवैद्यक ठरवेल, कारण थायलेरियाला ती बबेसियापेक्षा जास्त लागते आणि त्या जास्त मात्रेने गाढवे मरू शकतात. थायलेरिया उपचारानंतरही अंगात टिकून राहू शकतो. जुन्या बाधेत स्लाइडवर परजीवी अनेकदा सापडत नाही, तिथे एलायझा (रक्तातली प्रतिपिंडे शोधणारी तपासणी) किंवा पीसीआर करा. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात या आजाराच्या निदानाचे काम चालते.