आधी दाब, मग चाल: वाद्यवृंदातून लोकांचं दुःख आणि आशा

वाद्यवृंदासाठी रचना करताना दुःख म्हणजे व्हायोलिनचे लांबलचक रडवे सूर, ही समजूत आधी सोडा. त्यातून फार तर एकाचं रडू ऐकू येतं. अख्ख्या लोकांवरचा दाब ऐकवायचा तर खर्जात उतरावं लागतं.

फिनलंडचा संगीतकार सिबेलियस याची 'फिनलंडिया' ही वाद्यवृंदरचना नमुना म्हणून समोर ठेवा. लांबी जेमतेम ८ मिनिटं. फेब्रुवारी १८९९च्या जाहीरनाम्याने रशियाच्या झारने फिनलंडची स्वायत्तता आवळली, वृत्तपत्रांची गळचेपी वाढली. त्याच नोव्हेंबरात हेलसिंकीत वृत्तपत्रांच्या पाठिंब्यासाठी झालेल्या कार्यक्रमात हे संगीत प्रथम वाजलं.

सुरुवात हॉर्न, ट्रॉम्बोन आणि ट्यूबा या पितळी वाद्यांवर सोपवा. तुटक, जड स्वरसंघ (एकदम वाजणारे अनेक सूर), खाली टिंपनी या मोठ्या नगाऱ्यांची घरघर. प्रत्येक स्वरसंघ वाजता वाजता फुगला पाहिजे. पहिल्याच मात्रेला सगळा जोर लावलात तर पुढे वाढायला जागा उरत नाही. नवखे इथेच फसतात. उत्तर लाकडी सुषिरवाद्यांनी (बासरी, क्लॅरिनेटसारख्या फुंकवाद्यांनी) द्यावं, प्रार्थनेसारखं, आणि मग तंतुवाद्यांनी. झांजा अजून झाकूनच ठेवा, पुढच्या जलद भागासाठी. तिथे पितळी वाद्यं एकच सूर ठोकत राहतात आणि कुणीतरी उठून उभं राहतंय असं वाटतं.

आशेची चाल मात्र उशिरा आणा, साधारण दोन-तृतीयांश वाट सरल्यावर. तिची पहिली ओळ सरगममध्ये अशी: ग रे ग म, ग रे ग सा, रे रे ग. सा ते म, एवढेच चार सूर! अभंगाची चाल जशी कुणाच्याही गळ्याला झेपते, तशीच ही. पहिली मात्रा रिकामी आहे. तिथे सगळे एकदम श्वास घेतात. अनेकांना हे लोकगीत वाटलं, पण चाल सिबेलियसचीच. तेव्हा तयार लोकगीत उचलायची घाई नको.

ही चाल आधी लाकडी सुषिरवाद्यांवर येते, खाली तंतुवाद्यांचा कंप, म्हणजे गज भराभर मागेपुढे करून थरथरवलेला सूर. तो कंप हमखास चालीला गिळतो. वादकांना गजाच्या टोकाकडे, अगदी हलक्या हाताने वाजवायला सांगा. दुसऱ्या फेरीत चाल तंतुवाद्यांकडे द्या. पितळी वाद्यांनी ती शेवटच्या काही मात्रांतच घ्यावी.

आराखडा झाला की नुसती चाल पेटीवर वाजवून संगीत न शिकलेल्या दोघांना म्हणायला लावा. दुसऱ्या खेपेलाही जमली नाही, तर वाद्यं वाढवू नका, सूर कमी करा.