कापडाखालचं विमान: एरोन्का चीफ उभं करता करता शिकलेलं काम

माझ्या जुन्या एरोन्का चीफ विमानाच्या डाव्या पंखाचं कापड उतरवून तीन दिवस झाले होते. ज्यांच्या हाताखाली मी हे काम शिकलो त्या उस्तादांनी हँगरमधले दिवे मालवले, माझ्या हातात बॅटरी दिली आणि म्हणाले, "उजेड वरून नको पाडूस. लाकडाला गाल लावून, आडवा सोड." पुढच्या स्पारची, म्हणजे पंखाचा भार पेलणाऱ्या लांब लाकडी तुळईची, वरची कड मी तोवर दोनदा पुसली होती, तीनदा पाहिली होती आणि कागदावर 'ठीक' असं लिहूनही टाकलं होतं. आडव्या उजेडात मात्र एक रेघ दिसली. तिरका आधारदांडा पंखाला जिथे जोडला जातो तिथे स्पारवर प्लायवूडची पट्टी चिकटवलेली असते. त्या पट्टीच्या काठालगत, लाकडाचे उभे रेषे आडवे कापत गेलेली, केसाएवढी बारीक रेघ. नख फिरवलं तरी लागत नव्हती.

ही दाबाने पडलेली भेग. कधीतरी पंखाचं टोक जमिनीला लागतं, स्पार वाकून परत सरळ होतो आणि आतले रेषे चुरगळतात. बाहेरून काहीच दिसत नाही. नंतर जुनी लॉगबुकं उलगडली, तेव्हा कितीतरी वर्षांपूर्वीची एका ओळीची नोंद सापडली: डाव्या पंखाचं टोक बदललं. टोक बदलणाऱ्याने पुढे आत डोकावून पाहिलं नव्हतं. त्या स्पारवर हे विमान त्यानंतर अनेक वर्षं उडत होतं.

म्हणून जुनी विमानं उभी करण्याच्या कामात नव्याने येणाऱ्यांना माझं सांगणं एकच आहे: रंग, इंजिन, नवी उपकरणं हे सगळं नंतर. आधी उघडून बघायला शिका. बाकीचं काम त्या बघण्यातूनच ठरतं.

माझी गोष्ट थोडक्यात सांगतो. मी सांगलीचा, मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला. ओहायोत एका कारखान्यात नोकरीला आलो. विमानाचा नाद होताच, पण हात लावायला मिळाला तो इथे. अमेरिकेत विमान मेकॅनिक व्हायचे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे एफएएची, म्हणजे तिथल्या सरकारी विमान-नियामक संस्थेची, मान्यता असलेली शाळा. दुसरा म्हणजे परवानाधारकाच्या हाताखाली प्रत्यक्ष काम: एअरफ्रेम (विमानाचा सांगाडा) आणि पॉवरप्लांट (इंजिन) ही दोन्ही मानांकनं एकत्र हवी असतील तर 30 महिन्यांचा अनुभव, आणि मग लेखी, तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षा. मी दुसरा रस्ता धरला. नोकरी सोडली आणि छोट्या विमानांच्या एका दुरुस्तीशाळेत मदतनीस म्हणून लागलो. पगार निम्म्यावर आला. संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी माझं स्वतःचं विमान. कामाच्या तासांची नोंद रोजच्या रोज, कामाच्या वर्णनासकट लिहा आणि सही त्याच आठवड्यात घ्या. दोन वर्षांनी आठवून लिहिलेल्या वहीला परीक्षेआधीच्या मुलाखतीत फारशी किंमत मिळत नाही.

मालकाला स्वतःच्या विमानावर काम करता येतं का, असं बरेच जण विचारतात. येतं. परवानाधारक मेकॅनिक देखरेखीला हवा, तो प्रत्यक्ष हजर हवा आणि काम त्याच्या सहीने पूर्ण व्हायला हवं. मोठी दुरुस्ती किंवा मोठा बदल असेल तर 337 क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो आणि त्यावर तपासणीचा अधिकार असलेल्या मेकॅनिकची, म्हणजे आयएची, सही लागते. माझे उस्ताद आयए होते, सत्तरी ओलांडलेले. विमान विकत घेण्याआधी असा माणूस शोधा. माणूस मिळाला नाही तर विमान घेऊ नका.

माझं विमान एरोन्का 11एसी चीफ, 1946 सालचं. ही कंपनी आधी सिनसिनाटीच्या लंकन विमानतळावर होती. 1937 च्या ओहायो नदीच्या महापुरात ती जागा बुडाली, आणि पुढे कारखाना मिडलटाउनला गेला. युद्ध संपल्यावर तिथून दोन भावंडं बाहेर पडली: एकामागे एक बसायचं चॅम्प आणि शेजारी-शेजारी बसायचं चीफ. चीफला 65 अश्वशक्तीचं काँटिनेंटल ए-65 इंजिन. स्टार्टर नाही, पुढचा पंखा (प्रोपेलर) हाताने फिरवायचा. सांगाडा पोलादी नळ्यांचा, पंखाचे स्पार स्प्रूस लाकडाचे, फासळ्या अ‍ॅल्युमिनियमच्या आणि वरून कापड.

चीफच का, तर पुष्पकमुळे. बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टने बांधलेलं पुष्पक 1958 साली पहिल्यांदा उडालं आणि भारतातल्या कितीतरी फ्लाइंग क्लबांत वैमानिकांच्या पिढ्या त्यावर शिकल्या. त्याच्या रचनेवर चीफची छाप स्पष्ट दिसते. त्या काळात हिंदुस्थान एअरक्राफ्टमधल्या आरेखनाची धुरा डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्याकडे होती. कोल्हापूरकडचा हा माणूस, जर्मनीत ग्योटिंगेनला वायुगतिकीतले नामवंत प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेला. मिडलटाउनजवळच्या हँगरात चीफच्या फासळ्यांना हात लावताना मला त्यांची आठवण यायची, आणि अभिमान वाटायचा.

आता कामाकडे. सुटं करताना प्रत्येक टप्प्याचे फोटो काढा, मोजपट्टी चौकटीत ठेवून. प्रत्येक बोल्ट त्याच्या जागेचं नाव लिहिलेल्या पिशवीत. जुने भाग फेकू नका. मोडका भागही नवा बनवताना नमुना म्हणून लागतो.

पोलादी सांगाड्यात गंज कुठे शोधायचा हे विमान उभं कसं राहतं त्यावरून कळतं. शेपटीला चाक असल्याने मागची बाजू खाली असते. आत शिरलेलं पाणी तिथेच उतरतं आणि शेपटीजवळच्या खालच्या नळ्यांत साचतं. वरून रंग छान असतो, नळी आतून खाल्लेली असते. मी टोकदार आरी घेऊन खालच्या नळ्या बोटाबोटाच्या अंतरावर दाबत गेलो. एका ठिकाणी आरी सहज आत गेली आणि तांबूस भुकटी गळली. तेवढा तुकडा कापून नवा जोडावा लागला. वेल्डिंग मला येत होतं, पण पातळ नळीचं वेगळं, म्हणून आधी दोन महिने भंगार नळ्यांवर हात बसवला.

स्पारच्या बाबतीत आणखी एक खूण लक्षात ठेवा. एरोन्काच्या फासळ्या स्पारला खिळ्यांनी धरलेल्या असतात. खिळा ढिला दिसला की त्या जागी लाकडाने काहीतरी सोसलेलं आहे असं समजून शोध सुरू करा. या घराण्यातल्या लाकडी स्पारच्या तपासणीसाठी एफएएचा सक्तीचा निर्देशही आहे. माझा स्पार दुरुस्तीच्या पलीकडचा होता, नवाच घ्यावा लागला. विमान जितक्याला घेतलं होतं, त्याच्या जवळजवळ अडीचपट पैसा शेवटपर्यंत गेला. तेवढी तयारी ठेवूनच यात उतरा.

कापड हा मला सगळ्यात आवडलेला भाग. पूर्वी सुती कापड असायचं, आता पॉलिएस्टर. चौकटीला चिकटवलं की ते ढगळ, सुरकुतलेलं दिसतं. मग इस्त्री. घरगुती इस्त्रीच चालते, पण तिच्या चकतीवर विश्वास ठेवायचा नाही. तापमापक लावून खुणा करून घ्यायच्या. आधी 250 अंश फॅरनहाइटला सगळीकडून, मग 300 ला, शेवटी 350 ला. पहिल्या फेरीत मोठ्या सुरकुत्या जातात. शेवटच्या फेरीत कापड डफासारखं ताणलं जातं, बोटाने टिचकी मारली की घुमतं. त्याच्या वर गेलात तर ताण निघून जातो आणि पुन्हा येत नाही. मी एका एलेरॉनवर, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या भागावर, घाई केली. कडेचा भाग जास्त तापला आणि ते सगळं कापड काढून पुन्हा घालावं लागलं. दोन दिवसांचं काम.

फासळ्यांना कापड शिवताना मेण लावलेला दोरा आणि ठरलेली गाठ असते. दोन टाक्यांतलं अंतर मनाने ठरवायचं नाही. पंख्याच्या झोतात येणाऱ्या भागात ते कमी असतं. गाठी मी महिनाभर एका जुन्या फासळीवर घालत होतो. सगळ्या गाठींचा ताण सारखा यायला लागला, तेव्हाच उस्तादांनी मला पंखाजवळ येऊ दिलं. कापडावर शेवटच्या रंगाआधी चंदेरी थर येतो. तो शोभेसाठी नाही. उन्हातले अतिनील किरण पॉलिएस्टर कुजवतात, ते हा थर अडवतो. वजन वाचवायला इथे हात आखडू नका.

आधुनिकीकरणाबद्दल माझं मत ठाम आहे: जीव वाचवणारं घ्या, बाकी सोडा. मूळ विमानात फक्त कमरपट्टा होता. खांद्याचे पट्टे मी सर्वात आधी बसवले, मंजूर आराखड्याप्रमाणे. स्टार्टर, बॅटरी, अल्टरनेटर यांचा मोह झाला होता, पण गणित मांडलं. चीफचं कमाल वजन 1250 पौंड. माझं विमान रिकामं 760 भरलं. राहिले 490. पंधरा गॅलन पेट्रोलचे 90 गेले, की दोन माणसांना 400. त्यातून विजेच्या सामानाला चाळीसेक पौंड दिले तर शेजारी बसणारा माणूस निवडून आणावा लागेल. हाताने पंखा फिरवणंच पत्करलं, हातात धरायचा रेडिओ घेतला. काम संपल्यावर विमान खरोखर काट्यावर ठेवा. जुन्या कागदांवरचं वजन तपासून पाहिल्याशिवाय मानू नका.

उडवण्याबद्दल फक्त एवढंच: शेपटीला चाक असलेल्या विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो, त्यामुळे जमिनीवर ते जरा वाकडं झालं की आणखी वाकडं होऊन गिरकी घ्यायला बघतं. असं विमान उडवायला प्रशिक्षकाकडून आपल्या लॉगबुकात वेगळी नोंद घ्यावी लागते. माझ्या स्पारमधली ती भेग बहुधा अशाच एखाद्या गिरकीतून आली असावी.

भारतात राहून हे काम शिकायचं असेल तर डीजीसीएच्या, म्हणजे भारताच्या विमान-नियामक संस्थेच्या, सीएआर-66 या नियमाखालचा परवाना बघा. पिस्टन इंजिनाच्या विमानांसाठी त्यात बी1.2 हा वर्ग आहे. प्रवेश घेण्याआधी संस्थेला सीएआर-147 ची, म्हणजे प्रशिक्षणसंस्थांसाठीच्या नियमाखालची, मान्यता आहे का ते खात्रीने पाहा, आणि प्रत्यक्ष विमानावर किती तास हात लावायला देतात ते तिथल्या मुलांना विचारा.

पाचव्या वर्षी ऑक्टोबरमध्ये चीफ पुन्हा उडालं. दहा तास झाल्यावर आम्ही पंखाखालची तपासणीची झाकणं सगळी उघडली. आधारदांड्याचे बोल्ट पाहिले, नियंत्रणाच्या तारांचा ताण मोजला. नवा स्पार मी आरसा आणि बॅटरी घेऊन प्लायवूडच्या पट्टीच्या काठाकाठाने पाहिला, उजेड आडवा सोडून. मग झाकणं लावली, लॉगबुकात तारीख आणि तास लिहिले आणि पहिल्यांदा माझ्या स्वतःच्या परवाना क्रमांकाने सही केली.