कस्टमर केअरची मुलाखत: मॉक कॉलवर गडी गारद का होतो?

'स्वतःबद्दल सांगा'चं उत्तर घोकून गेलेले उमेदवार बहुतेक वेळा मॉक कॉलवर, म्हणजे मुलाखत घेणारा ग्राहक बनून करतो त्या लुटुपुटुच्या कॉलवर, आपटतात. खरं तर त्या खोलीत शिरल्यापासून तुमचा कॉलच सुरू असतो. समोरचा प्रश्न संपायच्या आत तुम्ही तोंड उघडलंत, तर 'हा ग्राहकालाही बोलू देणार नाही' अशी नोंद कागदावर होऊन जाते.

मॉक कॉल साधारण असा सुरू होतो: "आठ दिवसांपूर्वी मिक्सर मागवला, अजून आला नाही. काय चाललंय काय तुमचं?" इथे दोन चुका ठरलेल्या. एक, सॉरीचा जप. चौथ्या सॉरीनंतर ग्राहकाला कळतं की या माणसाकडे दुसरं काही नाही. दुसरी जास्त महागाची: "काळजी करू नका, पैसे परत मिळतील." ऑर्डर उघडून न पाहता हे बोललात, म्हणजे कंपनीच्या वतीने शब्द देऊन बसलात. मिक्सर वाटेत असेल तर उद्या हाच ग्राहक दुप्पट चिडून फोन करणार.

त्याऐवजी पूर्ण ऐका आणि म्हणा, "आठ दिवस थांबूनही मिक्सर मिळाला नाही, याबद्दल माफ करा. ऑर्डर नंबर सांगता का? लगेच बघतो." माफी एकदाच, तक्रार त्याच्याच शब्दांत, आणि लगेच कामाला हात. मग ओळखीची पडताळणी. घाईत ती विसरतेच, आणि अनोळखी माणसाला दुसऱ्याच्या खात्याची माहिती सांगून आपण मोकळे होतो. उलट टोकाला जाऊन ओटीपी, पिन किंवा कार्डामागचा सीव्हीव्ही मात्र कधीही मागू नका. बाकी सगळं चोख असूनही एवढ्यावर नापास व्हाल.

होल्डवर टाकतानाही हमखास गडबड होते. "एक मिनिट हं" म्हणून गप्प बसणं म्हणजे होल्ड नव्हे, ती डेड एअर. कारण सांगा, वेळ सांगा, परवानगी घ्या: "कुरियरची नोंद तपासायला दोन मिनिटं लागतील, होल्ड करू का?" काम झालं नसलं तरी दोन मिनिटं भरायच्या आत परत या, थांबल्याबद्दल आभार माना आणि आणखी किती वेळ लागेल ते सांगा.

"कुरियरवाल्यांची चूक आहे" हे वाक्य खरं असलं तरी गिळा. ग्राहकाने पैसे कुरियरला दिलेले नाहीत.

"मॅनेजरला फोन द्या" म्हटल्यावर काही जण लगेच देऊन सुटका करून घेतात, काही वाद घालतात. एकदा मदतीची तयारी दाखवा. तरीही हट्ट असेल तर कॉल द्या. पण आधी मॅनेजरला प्रकरण थोडक्यात सांगा, नाहीतर ग्राहकाला पहिल्यापासून सगळं रामायण सांगावं लागतं.

आधी काम केलेल्यांची विकेट आकड्यांवर पडते. "माझा एएचटी खूप कमी होता" असं छाती फुगवून सांगितलं की पुढचा प्रश्न येतो: मग एफसीआर (पहिल्याच कॉलमध्ये काम झाल्याचं प्रमाण) किती? एएचटी म्हणजे बोलण्याचा वेळ, होल्ड आणि कॉलनंतरची नोंद यांची बेरीज भागिले कॉलची संख्या. घाईने कॉल उरकले तर तो घटतो, पण काम पहिल्याच कॉलमध्ये न झाल्याने ग्राहक पुन्हा फोन करतो. दोन्ही आकडे जोडीने सांगा. एनपीएसमध्ये, म्हणजे 'आमची शिफारस इतरांना कराल का' याला ग्राहक देतात त्या 0 ते 10 गुणांच्या हिशोबात, तर 7 आणि 8 गुण देणाऱ्यांना खूश ग्राहक धरण्याची चूक सर्रास होते. 10 जणांपैकी 5 जणांनी 9 किंवा 10, तिघांनी 7-8 आणि दोघांनी 0 ते 6 गुण दिले, तर 9-10 वाल्यांचे 50 टक्के वजा 0-6 वाल्यांचे 20 टक्के, म्हणजे एनपीएस 30.

चॅटच्या जागेसाठी टायपिंग टेस्ट असते. तिथे साधारणपणे स्पेससह 5 टंकनं म्हणजे एक शब्द धरतात. वेग दाखवायच्या नादात चुका केल्या तर निव्वळ वेग घसरतो. सरावही संवादाच्या वाक्यांवर करा, उताऱ्यांवर नको.

पहिली फेरी फोनवर असेल तर स्पीकर बंद ठेवा, आवाज घुमतो. इअरफोनचा माइक शर्टाच्या कॉलरला घासला की पलीकडे खरखर ऐकू जाते, आणि ती तुम्हाला कधीच कळत नाही. ईमेलचं स्पेलिंग सांगताना बी, डी, पी एकसारखे ऐकू येतात, म्हणून ब्राव्हो, डेल्टा, पापा म्हणा.

"कोणतीही शिफ्ट चालेल" हे मात्र खरंच चालणार असेल तरच बोला. नाहीतर रात्रपाळीत किती दिवस जमेल, घरी परत कसं जाणार, हे पुढचे प्रश्न येतातच, आणि तिथे अडखळलात की आधीच्या उत्तरांवरचाही विश्वास जातो.