प्रोसेसर तापला की 'डब्ल्यूएमआय प्रोव्हायडर होस्ट'वर राग काढू नका: या चुका टाळा

जुलैचा शेवटचा आठवडा होता. आयकर विवरणपत्रांची घाई, आणि एक करसल्लागार ताई लॅपटॉप घेऊन दुकानात आल्या. "दादा, याचा पंखा रात्रीसुद्धा थांबत नाही हो. शेजारच्या खोलीत झोपले तरी ऐकू येतो." लॅपटॉपच्या तळाला हात लावून पाहिला तर चटका बसावा इतका गरम. टास्क मॅनेजर, म्हणजे कोणता प्रोग्रॅम किती काम करतोय ते दाखवणारी विंडोजची यादी, उघडला. यादीत सगळ्यात वर 'डब्ल्यूएमआय प्रोव्हायडर होस्ट', प्रोसेसरचा वापर १३ टक्के. पाच मिनिटं बघत बसलो, आकडा १२ ते १३ च्या बाहेर गेला नाही.

ताईंनी विचारलं, "तेराच टक्के तर आहेत, मग एवढं तापतंय कशाने?"

प्रश्न अगदी बरोबर होता आणि तिथेच बहुतेकांची पहिली चूक होते. टास्क मॅनेजर जो टक्का दाखवतो तो सगळ्या प्रोसेसरचा मिळून असतो. 'परफॉर्मन्स' टॅबवर सीपीयू निवडून खाली 'लॉजिकल प्रोसेसर्स' किती ते बघा. ताईंच्या लॅपटॉपमध्ये आठ होते. शंभर भागिले आठ म्हणजे साडेबारा. म्हणजे आठांपैकी एक जण अखंड, क्षणभरही उसंत न घेता पळत होता. चार असतील तर हाच आकडा २५ दिसेल, सोळा असतील तर जेमतेम सहा. आकडा लहान आहे म्हणून दुर्लक्ष करू नका. तो जागेवरून हलतो का, हे बघा. वरखाली होणारा आकडा म्हणजे काम चाललंय. एका जागी खिळलेला आकडा म्हणजे बहुतेक वेळा कोणीतरी एकच गोष्ट सारखी करत बसलंय.

याच्या उलट चूकही रोज बघतो. टास्क मॅनेजर उघडला की पहिली काही सेकंदं आकडे उसळतातच, कारण तो स्वतःच माहिती गोळा करत असतो. ते बघून घाबरायचं नाही. चालू केल्या केल्या, किंवा बऱ्याच दिवसांनी मशीन इंटरनेटला जोडल्यावर, अपडेट आणि अँटिव्हायरसची तपासणी यात अर्धा-पाऊण तास जाऊ शकतो. तेवढा वेळ द्या. आणि 'सिस्टिम आयडल प्रोसेस' ९५ टक्के दिसली म्हणून आजही लोक फोन करतात. त्याचा अर्थ ९५ टक्के प्रोसेसर रिकामा आहे, एवढाच.

आता मूळ गोष्ट. डब्ल्यूएमआय, म्हणजे 'विंडोज मॅनेजमेंट इन्स्ट्रुमेंटेशन', हा विंडोजचाच भाग आहे, विंडोज २००० पासून तो आतच येतो. त्याचं काम समजून घ्यायचं तर कचेरीतली चौकशीची खिडकी डोळ्यांपुढे आणा. बॅटरी किती उरली, डिस्कमध्ये जागा किती, तापमान काय, कोणकोणते प्रोग्रॅम चालू आहेत, हे ज्या कुठल्या सॉफ्टवेअरला हवं असतं त्याला या खिडकीवर अर्ज करता येतो. आतले प्रोव्हायडर, म्हणजे त्या त्या विषयाचे कारकून, माहिती काढून देतात. या कारकुनांना बसायला दिलेली खोली म्हणजे 'डब्ल्यूएमआय प्रोव्हायडर होस्ट'. अशा दोन-तीन खोल्या एकाच वेळी चालू दिसल्या तरी त्यात वावगं काही नाही.

कारकून घामाघूम झालेला दिसतो तेव्हा दोष बहुधा त्याचा नसतो. बाहेर एक माणूस उत्तर घेऊन लगेच पुन्हा रांगेत उभा राहतोय, तोच प्रश्न घेऊन, दिवसभर. तो शोधायचा. नाहीतर चोर सोडून संन्याशाला फाशी.

'एंड टास्क' दाबणं

सगळ्यात सोपी आणि सगळ्यात निरुपयोगी चूक. प्रोसेस बंद होते, पंखा शांत होतो, हायसं वाटतं. विचारणारा प्रोग्रॅम पुढचा प्रश्न विचारतो आणि विंडोज होस्ट पुन्हा उभा करतं. ताईंनी हे महिनाभर केलं होतं, दिवसातून पाच-सहा वेळा.

मशीन रीस्टार्ट करणं ही याचीच थोरली बहीण. त्याने त्रास थोडा वेळ थांबतो, पण तपासाच्या दृष्टीने नुकसान होतं. प्रत्येक चालू प्रोग्रॅमला एक ओळख क्रमांक असतो, पीआयडी. विंडोज स्वतः जी नोंदवही ठेवतं, तिच्यात दोषी प्रोग्रॅम या क्रमांकानेच सापडतो आणि रीस्टार्टनंतर हे क्रमांक बदलतात. म्हणून पंखा ओरडत असतानाच तपास करा. थोडा वेळ आवाज सहन करा.

विचारणाऱ्याला गाठायचं कसं

हा भाग सावकाश वाचा, सगळं यातच आहे.

स्टार्टवर राइट क्लिक करून 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडा. डावीकडे 'ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज', त्यात 'मायक्रोसॉफ्ट', त्यात 'विंडोज', त्यात 'डब्ल्यूएमआय-ॲक्टिव्हिटी', त्यात 'ऑपरेशनल'. समोर नोंदींची यादी येईल. लाल खुणेच्या, इव्हेंट आयडी ५८५८ असलेल्या नोंदी बघा. चांगल्या, धडधाकट मशीनवरही अशा चार-दोन नोंदी असतात, त्यामुळे एक लाल खूण दिसली म्हणून हुरळून जाऊ नका. नोंदीवर क्लिक केलं की खालच्या मजकुरात 'क्लायंटप्रोसेसआयडी' असा शब्द आणि त्यापुढे क्रमांक असतो. वीसएक नोंदी उघडा. तोच क्रमांक पुन्हा पुन्हा येतोय का, दोन नोंदींमध्ये किती सेकंदांचं अंतर आहे, हे कागदावर लिहा. त्याच मजकुरात 'ऑपरेशन'पुढे नेमका काय प्रश्न विचारला तेही असतं.

मग टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स' टॅबवर जा, 'पीआयडी'च्या मथळ्यावर क्लिक करून क्रमाने लावा आणि तो क्रमांक शोधा. ताईंच्या मशीनवर दर चार-पाच सेकंदांनी एकच क्रमांक होता. तो निघाला लॅपटॉपसोबत आलेल्या मदतनीस प्रोग्रॅमचा, जो बॅटरी आणि पंख्याची स्थिती दाखवतो. पंख्याची विचारपूस करून करून त्यानेच पंखा पळवला होता.

क्रमांक 'सर्व्हिस होस्ट'चा, म्हणजे पडद्यामागे चालणाऱ्या सेवांना पोटात घेणाऱ्या प्रोसेसचा, निघाला तर तिथे थांबू नका. त्यावर राइट क्लिक करून 'गो टू सर्व्हिसेस' केलं की आतली खरी सेवा उजळून दिसते.

एक अडचण येते. ऑपरेशनल नोंदवहीत प्रामुख्याने फसलेले प्रश्न येतात. प्रश्न नीट सुटत असतील पण सतत येत असतील, तर तिथे काहीच दिसणार नाही. अशा वेळी इव्हेंट व्ह्यूअरच्या 'व्ह्यू' मेनूतून 'शो ॲनालिटिक अँड डीबग लॉग्ज' चालू करा. डब्ल्यूएमआय-ॲक्टिव्हिटीखाली 'ट्रेस' दिसू लागेल, त्यावर राइट क्लिक करून 'एनेबल लॉग'. दोन मिनिटं चालू द्या आणि आठवणीने बंद करा. यात प्रत्येक प्रश्न, विचारणाऱ्याच्या क्रमांकासह मिळतो. आणखी एक साधन म्हणजे मायक्रोसॉफ्टचंच, फुकट मिळणारं 'प्रोसेस एक्सप्लोरर'. ते ॲडमिन म्हणून चालवून प्रोव्हायडर होस्टच्या प्रॉपर्टीज उघडल्या की 'डब्ल्यूएमआय प्रोव्हायडर्स' असा टॅब दिसतो. आत कोणता कारकून बसलाय ते त्यावरून कळतं.

सेवाच बंद करून टाकणं

'विंडोज मॅनेजमेंट इन्स्ट्रुमेंटेशन' ही सेवा 'डिसेबल' करा म्हणजे कटकट मिटेल, असा सल्ला सर्रास दिला जातो. कृपा करून करू नका. विंडोजचं 'सिक्युरिटी सेंटर' याच सेवेवर उभं आहे. ती बंद केली की अँटिव्हायरस चालू आहे की नाही हे सांगणारी यंत्रणाच आंधळी होते. काही सॉफ्टवेअर इन्स्टॉल होताना अडतं, ऑफिसच्या मशीनवर तर अर्धी व्यवस्था कोलमडते. सेवा 'रीस्टार्ट' करायला हरकत नाही, त्याने कधीकधी अडकलेला प्रश्न मोकळा होतो. पण कायमची बंद नको.

रिपॉझिटरी पुसणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते, कारण यात नुकसान आज होतं आणि दिसतं महिन्याने. कोणता प्रोव्हायडर कोणती माहिती देतो याची डब्ल्यूएमआयची नोंद 'रिपॉझिटरी' नावाच्या फोल्डरमध्ये असते. अनेक जण पहिल्याच झटक्यात तो फोल्डर पुसतात किंवा रीसेटची कमांड देतात. रीसेट केल्यावर विंडोजचे स्वतःचे प्रोव्हायडर परत येतात, पण बाहेरच्या सॉफ्टवेअरने नोंदवलेले सगळेच येतात असं नाही. मग एखाद्या दिवशी बॅकअपचा प्रोग्रॅम चालेनासा होतो आणि कोणाला त्याचा संबंध लागत नाही.

आधी नुसती तपासणी करा. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडा. फोनवर सांगतो तसंच लिहितो, टाइप मात्र इंग्रजीत करा: डब्ल्यू-आय-एन-एम-जी-एम-टी, एक स्पेस, स्लॅश, आणि स्लॅशला चिकटून 'व्हेरिफायरिपॉझिटरी'. उत्तरात रिपॉझिटरी 'कन्सिस्टंट' आहे असं आलं तर विषय संपला, तिला हात लावू नका. 'इनकन्सिस्टंट' आलं तर 'व्हेरिफाय'च्या जागी 'सॅल्व्हेज' घालून दुरुस्ती करा, त्यात वाचता येण्याजोगी जुनी माहिती राखली जाते. रीसेट हा अगदी शेवटचा उपाय, आणि तोही बॅकअप घेतल्यावरच.

व्हायरस समजून फाइल उडवणं, किंवा व्हायरस नाहीच असं समजणं

दोन्ही टोकं वाईट. खरी फाइल विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरमधल्या 'डब्ल्यूबीईएम' या फोल्डरात असते. ६४ बिटच्या विंडोजवर सिस्वॉव६४ मधल्या त्याच नावाच्या फोल्डरातही एक असते, तीही खरीच. टास्क मॅनेजरमध्ये राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' करा. डाउनलोड्स, टेम्प, ॲपडेटा असा पत्ता निघाला तर मात्र ती बनावट समजा आणि विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसचं, म्हणजे डिफेंडरचं, 'ऑफलाइन स्कॅन' चालवा. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये 'डिजिटल सिग्नेचर्स'चा टॅब नाही एवढ्यावरून निकाल देऊ नका. विंडोजच्या कित्येक फाइलींची सही वेगळ्या कॅटलॉगमध्ये ठेवलेली असते.

पत्ता बरोबर आहे म्हणजे निर्धोक, असंही नाही. चोरून क्रिप्टो चलन काढणारे काही प्रोग्रॅम खऱ्या डब्ल्यूएमआयलाच कामाला लावतात. अमुक घडलं की तमुक स्क्रिप्ट चालव, अशी कायमची सूचना त्यात पेरून ठेवतात. २०१७ मध्ये उघडकीला आलेला 'वॉनामाइन' हेच करत होता. मायक्रोसॉफ्टच्या 'ऑटोरन्स' या साधनात डब्ल्यूएमआयचा वेगळा टॅब आहे, तिथे अशा पेरलेल्या सूचना दिसतात. आणखी एक खूण: पंखा जोरात पळतोय, टास्क मॅनेजर उघडला की काही सेकंदांत सगळं शांत, बंद केला की पुन्हा सुरू. काही मायनर, म्हणजे हे चलन काढणारे प्रोग्रॅम, टास्क मॅनेजर उघडलेला ओळखून दबा धरून बसतात.

फॉरमॅट

ताईंनी माझ्याकडे येण्याआधी दुसरीकडे पैसे देऊन विंडोज नव्याने टाकून घेतलं होतं. आठ दिवसांत दुखणं परत. कारण उघड आहे: विंडोजसोबत तोच मदतनीस प्रोग्रॅम, त्याच जुन्या आवृत्तीत, पुन्हा बसवला गेला होता. बिचाऱ्यांचा सगळा जुना ईमेल मात्र गेला. कारण कळल्याशिवाय फॉरमॅट करू नका, आणि कोणी लगेच फॉरमॅट सुचवला तर 'कशामुळे होतंय ते आधी सांगा' असं ठणकावून विचारा.

दोषी सापडल्यावर आधी त्याची नवी आवृत्ती उत्पादकाच्या संकेतस्थळावरून घ्या, पुष्कळदा तेवढ्याने भागतं. नाही भागलं तर 'सर्व्हिसेस'मध्ये जाऊन त्या एका प्रोग्रॅमची सेवा थांबवा आणि अर्धा तास नेहमीचं काम करून बघा. काही अडलं नाही तर अनइन्स्टॉल करा. तापमान दाखवणारे, दिव्यांचे रंग बदलणारे प्रोग्रॅम एकाच वेळी दोन-तीन चालू असतील तर एकच ठेवा. काहीच हाती लागलं नाही तर 'सिस्टिम कॉन्फिगरेशन'मध्ये 'हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस' वर खूण करून बाकीच्या सेवांपैकी अर्ध्या बंद करा, रीस्टार्ट करा, बघा. त्रास थांबला तर दोषी त्या अर्ध्यात, नाहीतर उरलेल्यात. असं निम्मं निम्मं करत गेलं की चार-पाच फेऱ्यांत एकटा उरतो.

मशीन ऑफिसचं असेल तर यातलं काहीही परस्पर बंद करू नका, कॉम्प्युटर आणि सॉफ्टवेअरची नोंद ठेवणारा 'एजंट' प्रोग्रॅम तिथे मुद्दाम बसवलेला असू शकतो. आयटी विभागाला लिहा, पण 'कॉम्प्युटर स्लो आहे' एवढंच नको. विचारणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव, दर किती सेकंदांनी विचारतो ते आणि 'ऑपरेशन'पुढचा मजकूर जसाच्या तसा पाठवा. त्या मजकुरात 'विन३२ अंडरस्कोर प्रॉडक्ट' दिसलं तर तेही ठळक करा. हा प्रश्न विचारला की विंडोज नुसती यादी देत नाही, विंडोज इन्स्टॉलरने बसवलेलं प्रत्येक सॉफ्टवेअर तपासून बघतं, बिघाड वाटला तर दुरुस्तही करू लागतं. जाणता माणूस ते दोन शब्द वाचून आपली स्क्रिप्ट बदलेल.

ताईंच्या लॅपटॉपवर मदतनीसाची नवी आवृत्ती टाकली. टास्क मॅनेजर समोर ठेवून दोघंही बघत होतो. तेराचा आकडा शून्यावर आला, आणि मिनिटाभराने पंख्याचा आवाज हळूहळू उतरत गेला. नोंदवही मी तिसऱ्या दिवशी त्यांना फोनवर पुन्हा उघडायला लावली. त्या मदतनीस प्रोग्रॅमची नवी नोंद एकही नव्हती.