भाड्याने द्यायला पहिलं घर घेताय? तयार घ्यायचं की डागडुजीचं

जुनं घर स्वस्तात मिळतंय म्हटलं की डोक्यात लगेच गणित सुरू होतं, थोडे पैसे टाकू, चकाचक करू, भाडं चालू. पण ते गणित अर्धंच असतं. समजा तयार घर 100 रुपयांना आहे आणि तसंच जुनं 80 ला. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो 14 मध्ये सगळं होईल, म्हणजे 6 वाचले ना? आता भिंत फोडली की आतून काहीतरी निघतंच, त्याचे 20 टक्के वाढीव धरा, झाले जवळपास 3. काम चालू असेपर्यंत भाडं शून्य आणि हप्ता मात्र सुरूच, त्यात अजून 2 गेले. उरला फक्त 1, आणि त्यासाठी प्लंबर-गवंड्यांना फोन करत बसायचं! शिवाय दुरुस्तीचा पैसा बऱ्याचदा होम लोनमध्ये बसत नाही, तो खिशातूनच काढावा लागतो.

म्हणून किंमत नंतर, आधी काम कसलं आहे ते बघा. रंग उडालाय, लाद्या जुनाट आहेत, किचनची कपाटं मोडकी आहेत, एवढंच असेल तर बिनधास्त घ्या, उलट अशाच घरात भाव पाडता येतो कारण बघणारे नुसत्या अवताराला घाबरतात. पण वायरिंग, ड्रेनेज, छताची गळती, भिंतीला तिरक्या रुंद भेगा असलं काही असेल तर माझ्या मते पहिल्या घराला नकोच, कितीही स्वस्त असलं तरी.

तयार घर म्हणजे निर्धास्त असंही नाही हां. अख्ख्या घरात एकाच भिंतीला ताजा रंग दिसला तर का ते विचारा. सिंकखालचं कपाट उघडून टॉर्च मारा, प्लायवूड खालून फुगलेलं असेल तर तिथे पाणी मुरतंय किंवा कधीतरी मुरलंय. दोन नळ एकदम सोडून फ्लश करा, धार अगदीच बारीक झाली तर पाइपांची चौकशी करा. जमलं तर जोरदार पाऊस पडून गेल्यावर परत एक चक्कर मारा. वायरिंग-प्लंबिंग नवीन केलंय म्हणतात ना, मग बिलं दाखवा म्हणायचं. आणि महागड्या फिटिंगसाठी जास्त पैसे मोजू नका, भाडेकरू त्याचं भाडं वाढवून देईलच असं नाही.

जुनंच घ्यायचं ठरलं तर टोकन द्यायच्या आधी कॉन्ट्रॅक्टरला घर दाखवा, कामाची यादी लेखी घ्या, पैसे काम होईल तसे टप्प्याटप्प्याने द्या.