बंद पडलेल्या साप्ताहिकाचे गठ्ठे कसे वाचवावेत

माझ्या सासऱ्यांचं चिपळूणला साप्ताहिक होतं. चार पानं, दर शनिवारी. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये छपाई थांबली ती थांबलीच. दम आधीच लागला होता म्हणा. दहावीचा निकाल, मयताची बातमी, पाणी कधी येणार, सगळं व्हॉट्सॲपवर शनिवारच्या आत पोचलेलं असायचं. उरल्या होत्या जाहीर नोटिसा, त्याही रोडावल्या. जुने अंक तळमजल्यावर कपाटात होते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचा पूर घरात शिरला.

तुमच्याकडे असे गठ्ठे भिजले तर पहिली गोष्ट, ओली पानं सुटी करायला जाऊ नका. मी गेले. १९९४ चे गणपतीचे अंक हातात लगदा होऊन आले. बाकीचे अख्खे गठ्ठे तसेच दुहेरी प्लॅस्टिक पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये ठेवले, म्हणून वाचले. दोन दिवसांच्या आत ठेवायचं, नाहीतर बुरशी धरते. चिपळुणात वीज नव्हती, तेव्हा गुहागरच्या एका मासेवाल्या काकींना गळ घातली. "वहिनी, सुरमईशेजारी पेपर?" म्हणाल्या, पण जागा दिली.

मग सवडीने एकेक गठ्ठा काढा. जी पानं आपणहून सुटतील तेवढीच सोडवा, मध्ये कोरा टिपकागद घाला आणि सावलीत, पंख्याखाली वाळवा. छापील रद्दी मध्ये घालू नका, तिची शाई उतरते.

सुक्या अंकांना सेलोटेप नको, लॅमिनेशन तर मुळीच नको. पिना गंजतात, त्या काढा. हा कागद लाकडाच्या लगद्याचा, उजेड लागला की पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. म्हणून उलगडून, आडवे, बंद खोक्यात ठेवा.

फोटो काढताना फ्लॅश बंद, खिडकीजवळचा उजेड पुरे. आधी पूर्ण पान, मग वरचा आणि खालचा भाग वेगळा. फाइलला तारखेचं नाव द्या: १९८७-११-१४-पान-३. "जुना पेपर नवीन २" असली नावं आमच्या पुतण्याने दिली होती, महिना गेला निस्तरण्यात.

आणि सुरुवात पहिल्या पानापासून करू नका. तिथे मंत्र्यांचे दौरे आहेत, ते मोठ्या दैनिकांच्या फायलींतही मिळतील. तिसरं-चौथं पान आधी घ्या. "करड्या रंगाचा पाडा हरवला आहे, डाव्या कानाला चीर." "सदर मिळकतीवर कुणाची हरकत असल्यास १५ दिवसांत कळवावे." या नोटिशीसाठी आजही लोक आमच्या दारात येतात, कारण ती छापली गेली ती फक्त इथेच.

मधले अंक नसतील तर जुन्या वकिलांकडे विचारा, नोटिशींची कात्रणं ते जपून ठेवतात. शिवाय छापलेल्या पुस्तकांची प्रत ग्रंथालयांना द्यायच्या १९५४ च्या कायद्यात १९५६ साली वर्तमानपत्रंही आली, तेव्हापासून प्रत्येक अंकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवणं बंधनकारक झालं. सगळे पाठवत होते असं नाही. सासरे पाठवायचे, टपालाच्या पावत्या सापडल्या.

सगळे फोटो दोन हार्डडिस्कवर ठेवा. आमची एक इथे आहे, दुसरी पुण्याला नणंदेकडे, तिसऱ्या मजल्यावर.